हा उपास तुझ्यासाठी नव्हे

मुक्काम कडोली, फाल्गुन वद्य अष्टमी

तीर्थस्वरूप सुबरावअण्णा यांच्या पायांशी धाकट्या भावकूचा साष्टांग नमस्कार. इकडे मी आणि मनुबाई असे उभयतां, तीन शेळ्या, एक बैल आणि परड्यातला फणस असे सगळे सुखरूप आहोत. तिकडे आपली, गुणावहिनींची आणि पाखऱ्याची प्रकृती कशी आहे ते सवडीने कळवावे. (इथपर्यंतचा मजकूर मास्तरांनी सातवीत पाठ करून घेतला होता तसा उतरवला. यापुढे तुला 'आपण' म्हणायला हात वळत नाही, म्हणून पूर्वीसारखं 'तू' म्हणतो. तीन वर्षांत आपण एकमेकांना काहीच म्हटलेलं नाही, तेव्हा एवढ्यानं आणखी काही बिघडेल असं वाटत नाही.)

पत्रास कारण की, तंबाखूची गाडी हाकणारा भरमू गेल्या खेपेस निपाणीला आला तेव्हा त्याच्यासोबत आण्णाप्पा पाटलांनी तुला एक निरोप धाडला होता. तुझा धाकटा भाऊ तुझ्यासाठी अन्न सोडून बसला आहे, तरी असशील तसा निघून ये, असा तो निरोप. भरमू निरोप सांगतो तो डोळे पुसत सांगतो, ही त्याची सवय तुला माहीत आहेच. तर हा निरोप साफ खोटा आहे हे कळवण्यासाठी मी त्याच भरमूच्या हाती हे पत्र देत आहे. मी अन्न सोडलं होतं, हे काही अंशी खरं. पण ते तुझ्यासाठी नव्हे, बैलगाडीसाठी. निरोप मिळूनही तू आला नाहीस, याबद्दल माझी काडीमात्र तक्रार नाही. उलट तू फसला नाहीस याचं मला कौतुकच वाटलं. मनुबाईला मात्र वाटलं नाही. बायकांना कौतुक कशाचं करावं हे कळत नाही.

आता हे झालं कसं, ते मुळापासून सांगावं लागेल. बाबांच्या मागं वाटणी झाली तेव्हा पंचांनी न्याय फार बारीक केला, हे तुझ्या लक्षात असेल. शेताचे दोन भाग, घराचे दोन भाग, तांब्याची भांडी मोजून दोन भाग, आणि शर्यतीच्या जोडीचेही दोन भाग. कोश्या मला, पाखऱ्या तुला. जोडी फोडून एकेक बैल दिल्यानं दोघांपैकी कोणावरच अन्याय होत नाही, हे पंचांचं म्हणणं बरोबरच होतं. (अन्याय झाला तो बैलांवर, पण बैल पंचांपुढे आले नव्हते.) तू म्हणालास, दोन्ही तूच ठेव. मी म्हणालो, दोन्ही तूच ने. असं दोनदा झालं, तिसऱ्यांदा दोघांचाही आवाज चढला. आपला बैल दुसऱ्यानं घ्यावा म्हणून हातघाईवर आलेले दोन भाऊ या मुलखात आपणच असू. तू पाखऱ्याला घेऊन वहिनीच्या माहेरी तंबाखूच्या शेतीत गेलास, आणि तेव्हापासून आपल्या जत्रेच्या दिवशी कोश्या दावणीला उभा राहून लोकांच्या बैलांच्या घुंगरांकडे कान लावतो. यंदा दात बघणाऱ्यानं सांगितलं की कोश्या पळेल तर याच वर्षी, पुढच्या वर्षी तो नांगराला चालला तरी पुष्कळ. तेव्हा मी ठरवलं की काही झालं तरी यंदा कोश्याला शर्यतीत उतरवायचा. शर्यत पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आहे. या पत्रात ज्या ज्या खुळ्या गोष्टी आहेत त्या सगळ्यांच्या मुळाशी एवढं एकच आहे, ते ध्यानात ठेवून पुढचं वाच.

पहिली अडचण गाडी हाकणाऱ्याची. कोश्या कासरा हाती देतो तो तुझ्या नाहीतर माझ्या, तिसऱ्याच्या हाती गेला तर तो खाली बसतो. पूर्वी हाकायचास तू, कारण तू मुळात वाळलेल्या शेंगेसारखा. मी कडेला राहून पटका हलवायचो. आता माझ्याशिवाय इलाज नव्हता. म्हणून माघ संपता संपता शर्यतीची गाडी माळ्यावरून उतरवली, कोश्याच्या जोडीला शेजारच्या रवळूचा बैल जुंपला, आणि मी गाडीवर बसलो. बसलो मात्र, गाडी उलार झाली. जू वर गेलं, जुवासोबत दोन्ही बैलांच्या माना वर गेल्या, आणि दोघेही आभाळात काही उगवलंय की काय असं पाहू लागले. मी पुढे सरकलो तर सगळा भार बैलांच्या मानेवर आला आणि कोश्यानं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, नुसती चौकशी होती. तू मला पाहून तीन वर्षं झाली, म्हणून सांगतो, मी जरा भरलो आहे. कडोलीची हवाच तशी आहे, शिवाय वय. सदरा पोटावर बसत नाही, म्हणून मी तो घालायचा सोडला आहे, एवढंच.

मग मी लष्कराच्या कॅम्पात मष्णूकडे गेलो. मष्णू म्हणजे आपल्या मावळणीचा दीर, तो कॅम्पात एका साहेबाच्या शर्यतीच्या घोड्यांची चाकरी करतो, मोतद्दार आहे. पुण्याच्या शर्यतीत घोड्यावर बसणारी माणसं, जाकी म्हणतात त्यांना, पंधरा दिवसांत निम्मी कशी होतात हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यानं मला घोड्यासारखंच तपासलं, म्हणजे भोवती फिरून पाहिलं, पाठीवर थाप मारली आणि गुडघे दाबले. मग पथ्य सांगितलं. भाकरी नाही, भात नाही, गूळ नाही, तेल-तूप नाही. अंड्यातलं पांढरं तेवढं खायचं, कोंबडीचं मांस नुसत्या पाण्यात उकडून खायचं, पालेभाजी शेळीला घालतात तशी खायची, आणि पहाटे अंगाभोवती घोंगडं गुंडाळून घाम निथळेपर्यंत धावायचं. पंधरा दिवसांच्या वर करायचं नाही, केलं तर घोडासुद्धा झुरतो, अशी ताकीदही दिली. मी विचारलं, भूक लागली तर काय करायचं? तो म्हणाला, "घोडा इचारत न्हाय असलं." हे पथ्य कोणी काढलं आहे ते मला माहीत नाही, पण ज्यानं काढलं त्याच्या घरी होळीची पोळी होत नसावी.

पथ्यातली सर्वांत सोपी गोष्ट धावण्याची, असं मला वाटलं होतं. पहाटे मी घोंगडं डोक्यापासून गुंडाळून मार्कंडेय नदीच्या अंगानं धावत होतो. पुढून कामाला निघालेल्या बायका आल्या. त्यांना धुक्यातून एक काळी, गोल, धापा टाकणारी वस्तू आपल्याकडे येताना दिसली. त्यांनी पाट्या टाकल्या आणि पळाल्या. मला वाटलं माझ्या मागं काहीतरी आहे, म्हणून मीही त्यांच्याच दिशेनं जिवाच्या आकांतानं पळालो. त्या दिवशी घाम उत्तम आला. दुसऱ्या दिवशी त्या ठिकाणी कोणीतरी लिंबू आणि नारळ ठेवला होता. (नारळ मी घरी आणला. पथ्यात बसत नव्हता, म्हणून मनुबाईनं आमटीत घातला आणि आमटी मला दिली नाही.)

खरी गंमत खाण्यावरून झाली. उकडलेली कोंबडी, अंडी, भाजी हे सगळं मी खात होतो, चांगलं दोन वेळा खात होतो. पण आपल्या गावात भाकरी खाल्ली नाही तर माणूस जेवला असं कोणी धरत नाही. बाकी सगळं तोंडी लावणं. मनुबाईनं पहिले दोन दिवस ताटात भाकरी वाढली, मी ती बाजूला सारली. तिसऱ्या दिवशी तिनं ताट पुढं ठेवून पदर डोळ्याला लावला आणि विचारलं, "माझ्या हातचं कडू झालंय व्हय? तसं तरी सांगा." मी बैलगाडी, उलार, साहेबाचे घोडे असं सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं की धनी भ्रमिष्टासारखं बोलायला लागले आहेत, साहेबाचे घोडे घोडे करतात. शेजारीण तिच्या शेजारणीकडे गेली. संध्याकाळपर्यंत भावकूनं अन्न सोडलं ही बातमी वेशीपर्यंत जाऊन परत आमच्या दारात आली, आणि येताना कोणासाठी सोडलं हा प्रश्न सोबत घेऊन आली.

कारण हल्ली दिवसच तसे आहेत. माणूस पूर्वी उपास करायचा तो देवासाठी. आता कोणी जेवला नाही की तो कोणाच्या तरी विरुद्ध असतो. आण्णाप्पा पाटील स्वतः काठी टेकत आले, ओसरीवर बसले, आणि बराच वेळ पान जुळवून मग म्हणाले, "भावकू, माणूस अन्न सोडून उगं बसत न्हाय रं. कुणावर तरी बसतोय. तू कुणावर बसलाईस, तेवढं सांग." मी लगेच म्हणालो, बैलासाठी चाललंय. पाटलांनी मान हलवली. त्यांच्या डोक्यात काय चाललं ते मला दिसत होतं, पण थांबवता आलं नाही. बैल म्हणजे कोश्या, कोश्या म्हणजे जोडी, जोडी म्हणजे पाखऱ्या, आणि पाखऱ्या म्हणजे तू. पाटील उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की रक्ताचं माणूस शेवटी रक्ताचंच. वाटणीचे पंच तेच होते, हे तुला आठवत असेलच. त्यानंतर भरमूला बोलावणं गेलं.

होळीच्या दिवशी तर कहर झाला. ज्या घरात धनी जेवत नाही त्या घरात पोळ्या झाल्या नसतील म्हणून सगळ्या आळीनं पोळ्या पाठवल्या. ताटांवर ताटं आली. कोणी नुसती पोळी, कोणी कटाची आमटी, कोणी दुधात भिजवून तूप सोडलेली. बायका ताट ठेवत, माझ्याकडे पाहत, आणि घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देत. ज्या केदारीनं बांधावरून भावाचं डोकं फोडलं होतं तो माझ्यापुढे उभा राहून रडला आणि त्या रात्री आपल्या भावाकडे जेवायला गेला. मी समोर उकडलेली कोंबडीची तंगडी घेऊन बसलो होतो, पण तिच्याकडे कोणीही लक्ष दिलं नाही. एकदा संतपण चिकटलं की माणूस तंगडी चघळत असला तरी लोकांना टाळ दिसतात.

आता एक गोष्ट लिहायची की नाही यावर मी बराच विचार केला, पण भरमू आणखी तासभर बैल सोडून बसणार आहे, तेव्हा लिहितो. कोश्याला शर्यतीची खुराक सुरू केली होती. शाळूचं पीठ, उडीद, गूळ, तूप, चिमूटभर मीठ, आणि अंड्यातलं पिवळं. (पांढरं मला आणि पिवळं त्याला. अंड्याचीही वाटणी झाली, आणि तीही पंचांच्या डोक्यानंच, म्हणजे ज्याला जे हवं ते दुसऱ्याला.) त्याचा उंडा मळून माझ्याच हातानं भरवावा लागतो. तू विचार कर. चार दिवस भाकरीचं तोंड न पाहिलेला माणूस, त्याच्या दोन्ही हातांत गुळातुपाचा गोळा, आणि समोर जो आहे तो बोलू शकत नाही. पहिल्या दिवशी मी मीठ बरोबर आहे का एवढंच पाहिलं. दुसऱ्या दिवशी गूळ पाहिला. पुढं पुढं एक घास त्याला आणि एक मला असं होऊ लागलं. कोश्यानं कधी शिंग उगारलं नाही. तो फक्त माझ्या तोंडाकडे पाहायचा आणि मी चावून संपेपर्यंत थांबायचा. असला सोशिक प्राणी माणसात मिळायचा नाही. मनुबाईच्या मात्र लक्षात आलं की एवढी खुराक घालून बैलाच्या अंगावर काही दिसत नाही. तिनं त्याची मीठमिरच्यांनी दृष्ट काढली, आणि कोश्या शिंकत असताना मी कडेला उभा राहून गंभीर चेहरा केला.

पथ्य संपलं तेव्हा मष्णू मुद्दाम कॅम्पातून आला. वजन कसं करायचं? तर गुऱ्हाळावरच्या काट्याच्या एका पारड्यात मी बसलो आणि दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. पथ्याआधीही असंच केलं होतं, आणि किती ढेपा लागल्या ते त्यानं ध्यानात ठेवलं होतं. राजेलोकांची सोन्यानं तुला करत, माझी गुळानं झाली. गाव जमलं होतं. तेवढ्याच ढेपा ठेवल्या तर माझं पारडं हललं नाही. मष्णूनं आणखी एक ढेप ठेवली, मग मी वर आलो. गावानं टाळ्या वाजवल्या. अन्न सोडून माणूस वजनानं वाढला हा चमत्कारच होता, आणि एका म्हातारीनं त्या जास्तीच्या ढेपेतला खडा प्रसाद म्हणून पदरात बांधला. मष्णूनं मात्र माझ्या जवळ येऊन तोंडाचा वास घेतला, दाढेत अडकलेलं उडदाचं टरफल पाहिलं, आणि म्हणाला, "घोड्याचा उंडा खाल्लेला मोतद्दार बघिटलाय मी. जाकी बघिटला नव्हता." मग साहेबाची वेळ झाली म्हणून निघून गेला. त्यानं गावाला काही सांगितलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

तरीही मी हटलो नाही. बैल चांगले असले तर हाकणारा थोडा जड असला तरी चालेल, असा विचार करून परवा माळावर गाडी काढली. रवळू म्हणत होता, "माझा बैल लई गुणाचा हाय, पळतोय बघ कसा." आणि खरंच पळाला. कासरा सैल सोडताच दोघांनी अशी धाव घेतली की माझा पटका मागं राहिला. मला वाटलं, जिंकलो. पण अण्णा, रवळूचा बैल जन्मभर विहिरीवर मोटेला चाललेला. मोटेची धाव जेवढी लांब तेवढंच त्याचं पळणं. तेवढं अंतर झालं आणि तो गपकन थांबला, मोट रिकामी व्हायला लागतो तेवढा वेळ उभा राहिला, आणि मग शिस्तीत उलटा, मागं मागं चालायला लागला. कोश्या पुढं ओढतोय, हा मागं येतोय, गाडी जागच्या जागी गोल फिरतेय, आणि मध्यभागी मी. रवळूला राग आला तो माझा. म्हणाला, बैलाला पाण्याचा आवाज आला न्हाय तर तो काय करणार? त्याचंही बरोबरच आहे. शेवटी मी खाली उतरलो आणि कोश्याला सोडलं. तो मोकळा झाल्यावर घराकडे गेला नाही. आपल्या डाव्या अंगाला थोडी जागा सोडून, पाखऱ्या जिथं उभा राहायचा तेवढी, तसाच उभा राहिला. मी त्याच्या त्या बाजूला जाऊन उभा राहिलो, पण त्यानं काही चालत नाही.

असो. तात्पर्य काय, तर गावात जी चर्चा आहे तिच्यात तथ्य नाही. मी तुझ्यावर बसलेलो नाही, कोणावरही बसलेलो नाही, आणि गाडीवर बसायची तर सोयच राहिली नाही. पथ्य संपलं, आता मी दोन्ही वेळ भाकरी खातो. गाव म्हणतं, भावाचा निरोप आला नाही म्हणून बिचाऱ्यानं आशा सोडली आणि जेवायला लागला. काय करणार? तू मनाला लावून घेऊ नकोस, आणि तंबाखूची कामं टाकून तर मुळीच येऊ नकोस. वहिनीला माझा नमस्कार, पाखऱ्याच्या कपाळावरून हात फिरव, आणि या पत्रातलं उंड्याचं तेवढं वहिनीला वाचून दाखवू नकोस.

तुझा धाकटा, पण आकारानं थोरला,
भावकू

ता.क. : येऊ नकोस हे वर लिहिलंच आहे. पण दुसऱ्या काही कामानं इकडे येणं झालंच, तर रिकाम्या हातानं येण्याऐवजी पाखऱ्याला घेऊन ये. भरमूच्या गाडीमागं बांधला तर चालत येईल. त्याला दमवू नकोस, म्हणजे शर्यतीपर्यंत पुरता विसावा मिळेल. त्याची जागा रोज झाडली जाते. कासरा तुझाच आहे, मी तो वापरलेला नाही.

आणखी ता.क. : पाटलांनी तू कुणावर बसलाईस असं विचारलं तेव्हा मी लगेच बैलासाठी म्हणालो, असं वर लिहिलं आहे. लगेच नाही म्हणालो. थोडा वेळ गप्प बसलो होतो. तेवढ्या वेळात पाटलांनी पान खाल्लं, यावरून किती ते समज.

शेवटचं ता.क. : भरमू बैल जुंपतो आहे, म्हणून थोडक्यात. मी भरलो तो हवेनं नव्हे आणि वयानंही नव्हे. तुम्ही दोघं गेल्यावरही मनुबाईचा हात पीठ घेतो ते चौघांचंच. तीन वर्षं झाली, सांगूनही कमी घेत नाही. अन्न टाकवत नाही, आणि तुमच्या वाटणीच्या भाकऱ्या दुसऱ्या कोणाला द्यायला ती तयार नाही. त्या मी खातो. आता माझ्याच्यानं होत नाही, अण्णा. ये आणि तुझी तू खा.